क्रोन्सचा आजार : ताट भरलेले हवे, मैदानही सुटू नये

पोट बिघडणे हा आपल्याकडे सहसा आजार मानलाच जात नाही. लग्नाच्या पंगतीत जेवण जड झाले, शेवभाजी जरा जास्त तिखट होती, बाहेरगावचे पाणी बाधले, अशी कारणे तयारच असतात. ओवा-सुंठ घेतली, दोन दिवस मऊ भात आणि ताक घेतले की बहुतेकांचे पोट ठिकाणावर येतेही. परंतु काही घरांत तसे होत नाही.

समजा, यावल तालुक्यातील एका केळी बागायतदाराचा वीस वर्षांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत आहे. रोज पहाटे सोळाशे मीटर धावतो, गोळाफेकीचा सराव करतो. पाच-सहा महिन्यांपासून त्याच्या पोटात उजवीकडे, बेंबीच्या खाली दुखते. दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचास होते. संध्याकाळी अंग कणकणते. वजन आठ किलोने उतरले. कोणी म्हणते गॅस, कोणी म्हणते जंत, कोणी नजर उतरवते. घरची मंडळी काळजीपोटी एकेक पदार्थ बंद करीत जातात. आधी तिखट बंद, मग डाळ बंद, मग दूध, मग अंडी, शेवटी भाकरीसुद्धा. मुलगा पेज आणि बिस्किटांवर येतो. ‘आता पळू नको, पडून राहा’ असेही सांगितले जाते. पुढे कधीतरी दुर्बिणीतून आतड्याची तपासणी होते आणि एक अनोळखी नाव कानी पडते, क्रोन्स डिसीज.

हे उदाहरण कल्पनेतले आहे, परंतु या आजाराची वाट बहुतेक वेळा अशीच असते. यात दोन नुकसाने होतात. एक आजाराने होते आणि दुसरे आपण होऊन ओढवून घेतले जाते. आजार आतडे पोखरतो. अति पथ्य आणि अति विश्रांती स्नायू, हाडे आणि उमेद पोखरते. हे दुसरे नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे. ते कसे टाळावे, हे आजच्या लेखात पाहू.

हा आजार आहे तरी काय?

आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. क्रोन्समध्ये ती आतड्याच्या भिंतीवरच उलटते आणि तेथे वर्षानुवर्षे सूज व जखमा राहतात. तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही हा आजार होऊ शकतो. मात्र लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि मोठ्या आतड्याची सुरुवात ही त्याची आवडती जागा आहे. म्हणूनच पोटात उजवीकडे खाली दुखते आणि पुष्कळदा अपेंडिक्सचा संशय येतो.

सूज आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत जाते. त्यामुळे काही रुग्णांत आतडे आतून अरुंद होते, तर काहींत एका आतड्यातून दुसऱ्या आतड्यात किंवा बाहेर त्वचेपर्यंत वाट पडते. गुदद्वाराजवळ अशी वाट पडली की तिला आपण भगंदर म्हणतो. तरुण माणसाला वारंवार भगंदर होत असेल, सोबत जुलाब आणि वजनात घट असेल, तर केवळ मूळव्याध-भगंदराच्या पाटीकडे न जाता आतड्याची तपासणी करून घ्यावी.

याच कुळातला दुसरा आजार म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस. तो फक्त मोठ्या आतड्यात आणि त्याच्या आतल्या अस्तरात असतो. शौचातून रक्त पडणे हे त्याचे मुख्य लक्षण. आपल्या देशात क्रोन्सपेक्षा कोलायटिसचे रुग्ण अधिक आढळतात.

ग्लासगोचे शल्यचिकित्सक केनेडी डॅलझील यांनी १९१३ साली अशा रुग्णांचे वर्णन केले होते. पुढे १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि त्यातील पहिल्याचे नाव आजाराला चिकटले.

हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. केवळ तिखट खाल्ल्याने किंवा काळजी केल्यानेही तो होत नाही. काहीसे आनुवंशिक कारण, आतड्यातील जीवाणूंचा बिघडलेला समतोल, प्रतिकारशक्तीचा गोंधळ आणि बदललेले राहणीमान हे सारे मिळून तो होतो. आजार बहुधा तारुण्यातच, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्नाच्या वयात उद्भवतो.

क्षय की क्रोन्स?

आपल्या भागात या आजाराचे निदान अवघड होण्याचे मोठे कारण म्हणजे आतड्याचा क्षय. क्षयालाही आतड्याची तीच जागा आवडते. दुखणे, ताप, वजन घटणे, जुलाब ही लक्षणेही तीच. मुंबईचे डॉ. एस. के. भन्साळी यांनी १९७७ साली पोटाच्या क्षयाच्या तीनशे रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. महाराष्ट्रातील डॉक्टरांना पोटाचा क्षय किती परिचयाचा आहे, हे त्यावरून ध्यानात येते. त्यामुळे डॉक्टरांच्या मनात आधी क्षय येणे स्वाभाविकच आहे.

दुर्बिणीतून तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी करून आतड्याचे लहान तुकडे काढतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि क्षयाच्या जंतूंसाठीही तपासतात. सोबत सीटी स्कॅन किंवा एमआरआय, छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या होतात. इतके करूनही काही वेळा निश्चित सांगता येत नाही. अशा वेळी क्षयाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहण्याची पद्धत आहे. क्षय असेल तर जखमा भरू लागतात. क्रोन्स असेल तर रुग्णाला थोडे बरे वाटले तरी जखमा तशाच राहतात.

येथे वाचकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, क्षयाची औषधे मनाने मधेच सोडू नयेत. दुसरी, औषधे नीट घेऊनही फरक पडत नसेल तर ती मुकाट्याने महिनोन्‌महिने घेत बसू नये, फेरतपासणीचा आग्रह धरावा. उलट बाजूने, निदान न करता कोणी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि आजार मुळात क्षयाचा असला, तर क्षय भडकतो. म्हणून नुसत्या अंदाजाने औषध घेऊ नये. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथून सुरुवात करता येते आणि गरज पडल्यास नाशिक किंवा मुंबईच्या पोटविकारतज्ज्ञांकडे जाता येते.

तीन अवस्था ओळखा

‘डॉक्टर, पथ्य काय?’ हा आपल्या रुग्णांचा पहिला प्रश्न असतो. क्रोन्समध्ये त्याचे एकच उत्तर नाही. आजार कोणत्या अवस्थेत आहे यावर ताटही ठरते आणि व्यायामही ठरतो. या अवस्था तीन आहेत.

१. भडका : जुलाब, दुखणे, ताप सुरू आहे, आतड्याला सूज आहे.
२. शांत काळ : औषधांनी आजार आटोक्यात आला आहे.
३. अरुंद आतडे : सूज असो वा नसो, आतड्याचा मार्ग एखाद्या ठिकाणी आवळला गेला आहे.

नुसत्या लक्षणांवरून अवस्था ठरवता येत नाही. वरून बरे वाटत असताना आत सूज असू शकते. यासाठी रक्तातील सीआरपी आणि शौचातील कॅलप्रोटेक्टिन या तपासण्या उपयोगी पडतात. अरुंदपणा स्कॅनवर किंवा दुर्बिणीतून कळतो. आपली अवस्था कोणती, हे प्रत्येक भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे.

भडक्यात काय खावे?

भडक्याच्या काळात शरीराची गरज घटत नाही, वाढते. सूज भरून काढायला प्रथिने लागतात. निरोगी माणसाला किंवा शांत काळात किलोमागे सुमारे १ ग्रॅम प्रथिने पुरतात, तर भडक्यात किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. ५५ किलोच्या माणसाला म्हणजे रोज ६६ ते ८२ ग्रॅम. पेज आणि बिस्किटांत ती कोठून येणार?

या काळात चोथा कमी, मसाला कमी, तेल कमी, पण अन्न पुरेसे असे धोरण ठेवावे. मऊ भात आणि मुगाच्या डाळीचे साधे वरण, तूप घातलेली पातळ खिचडी, उकडलेली अंडी, सोसत असेल तर ताजे दही किंवा पनीर, उकडून कुस्करलेला बटाटा, साल-बिया काढून शिजवलेला दुधी, गिलके, गंगाफळ, पिकलेले केळे हे पदार्थ चालतात. मांसाहार करणाऱ्यांनी तापीतले रोहू-कटला उकडून किंवा कमी तेलात शिजवून, काटे काढून घ्यावेत. चिकनचे मऊ तुकडे घ्यावेत. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे.

हिशेबासाठी लक्षात ठेवा : एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास आणि शंभर ग्रॅम मासे किंवा चिकनमध्ये २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात.

दूध सर्वांनाच वर्ज्य नाही. ज्यांना दुधातील साखर पचत नाही त्यांना ते पिऊन गुडगुड आणि जुलाब होतात. त्यांनी दूध सोडून दही-ताक घ्यावे. ज्यांना दूध बाधत नाही त्यांनी ते विनाकारण बंद करू नये. लहान मुलांत कधी कधी डॉक्टर सहा ते आठ आठवडे इतर सर्व अन्न थांबवून केवळ विशेष द्रव आहार देतात आणि त्याने सूज उतरते. परंतु तो आहार मोजून-मापून तयार केलेला असतो. घरी सरबतावर ठेवणे म्हणजे तो उपचार नव्हे, ती उपासमार होय.

शांत काळात खान्देशी ताट

आजार शांत झाला तरी अनेक घरांत भडक्याचे पथ्य वर्षानुवर्षे चालू राहते. ही मोठी चूक आहे. आतडे अरुंद नसेल तर शांत काळात भाज्या, फळे, डाळी हळूहळू परत सुरू कराव्यात. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, थोड्या प्रमाणात. बाधला तर महिनाभराने पुन्हा करून पाहावा. कायमचा काट मारू नये.

आपले खान्देशी जेवण या दृष्टीने तपासून पाहू. दादर ज्वारीची भाकरी उत्तम. ती आधी दूध, ताक किंवा वरणात कुस्करून खावी. कळण्याच्या भाकरीत उडीद सालासकट असतो, म्हणून ती ज्वारीची भाकरी पचू लागल्यावर, अर्धी-चतकोर घेऊन पाहावी. वरण-बट्टीतले वरण चालेल. बट्टी तुपात बुडवलेली असते, तेव्हा ती एखादी आणि नीट चावून. भरीत तर खान्देशी माणसाला सोडवणार नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वांगे भाजून साल पूर्ण काढावी, मिरचीचा ठेचा बाजूला ठेवावा, तेल बेताचे घालावे आणि शेंगदाणे अख्खे न घालता बारीक कूट करून घालावेत. असे भरीत शांत काळात थोडे खायला हरकत नाही. शेवभाजीत मात्र तळलेली शेव, तर्री आणि काळा मसाला हे तिन्ही एकत्र येतात. ती सणासुदीला चवीपुरतीच ठेवावी.

आपल्याकडचे सर्वांत सोयीचे अन्न म्हणजे पिकलेले केळे. ते मऊ असते, त्यातील विरघळणारा चोथा आतड्याला सोसतो आणि जुलाबावाटे जाणारे पोटॅशियम त्यातून भरून निघते. खेळाडूला तर ते खिशात घेऊन जाता येते.

टाळायचे ते हे : पिशवीबंद तळलेले पदार्थ, बाटलीबंद गोड पेये, क्रीमची बिस्किटे, झटपट शेवया. कारखान्यात फार प्रक्रिया केलेले असे अन्न आणि हा आजार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. आणि बिडी-सिगारेट तर आजच सोडावी. धूम्रपानाने क्रोन्स अधिक उग्र होतो, पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा धोका वाढतो.

अरुंद आतड्याची खबरदारी

आतडे आवळलेले असेल तर नियम वेगळा. तेथे चोथ्याचा गोळा अडकून आतडे बंद पडू शकते. अशा रुग्णांनी मक्याचे कणीस, शेवग्याची शेंग, अख्खे शेंगदाणे, पेरूच्या बिया, संत्र्याच्या फोडीची साल, मेथी-अंबाडीच्या काड्या, कच्चे सॅलड पूर्ण टाळावे. भाज्या सोलून, शिजवून, गाळून घ्याव्यात. पोट फुगून कळा येणे, उलट्या होणे आणि शौच-वारा बंद होणे अशी तीन लक्षणे एकत्र आली तर घरी औषध करीत बसू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

कमतरता शोधून भराव्यात

बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागातूनच शोषले जाते. तोच भाग आजारी असेल किंवा शस्त्रक्रियेत काढला असेल तर गोळ्या-आहाराने भागत नाही, इंजेक्शन घ्यावे लागते. शाकाहारी कुटुंबांत आधीच हे जीवनसत्त्व कमी असते, तेव्हा अधिक दक्षता हवी. हिमोग्लोबिन, लोह, ड जीवनसत्त्व, फोलिक आम्ल यांचीही ठराविक काळाने तपासणी करावी. भडक्यात लोहाच्या गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येते. स्टिरॉइड घेत असाल तर हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांना विचारावे.

आता मैदानाकडे

क्रोन्स झाला म्हणजे खेळ संपला असे नाही. अमेरिकेची जलतरणपटू कॅथलीन बेकर हिला शाळकरी वयातच क्रोन्सचे निदान झाले. तिने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये रौप्य आणि मेडले रिलेत सुवर्णपदक मिळवले. २०१८ साली तिने १०० मीटर बॅकस्ट्रोकचा जागतिक विक्रम केला. ब्रिटनचे नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना १९९२ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले. त्यांनी १९८४ ते २००० अशा सलग पाच ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदके मिळवली. यातील शेवटची तीन पदके निदानानंतरची आहेत. अर्थात त्यांच्या पाठीशी डॉक्टर, औषधे आणि प्रशिक्षक होते. तरीही आजार आटोक्यात ठेवून शरीर घडवता येते, एवढे यावरून निश्चित कळते.

सामान्य रुग्णासाठी तर ध्येय याहून सोपे आहे. कॅनडात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, आजार शांत किंवा सौम्य असलेल्या, बैठे काम करणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांना बारा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा चालायला लावले. त्यांचा आजार बळावला नाही, उलट त्यांना अधिक बरे वाटले. व्यायाम आजार मुळापासून बरा करीत नाही. पण थकवा कमी होतो, झोप सुधारते, हाडे आणि स्नायू टिकतात, मन ताळ्यावर राहते.

भडक्यात ताप, रक्त किंवा तीव्र जुलाब असतील तर धावणे आणि वजन उचलणे थांबवावे. परंतु अंथरुणालाही खिळू नये. घरातल्या घरात चालणे, हलके ताण देणे, दीर्घ श्वसन हे चालू ठेवावे. शांत काळात पुढील क्रम ठेवता येईल.

पहिले दोन आठवडे : रोज १५ ते २० मिनिटे सपाट रस्त्यावर चालणे.

तिसरा ते सहावा आठवडा : ३० मिनिटे भरभर चालणे. बोलता येईल, पण गाता येणार नाही इतका वेग. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम : खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणे. हाडांसाठी हे चालण्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

सातवा ते बारावा आठवडा : एक मिनिट संथ धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आलटून पालटून. दर आठवड्याला थोडेच वाढवावे. त्यानंतर कबड्डी, कुस्ती किंवा भरतीचा सराव डॉक्टरांना विचारून सुरू करावा.

सुरुवात करण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते फार कमी असेल तर धावून दम लागेल, ताकद वाढणार नाही. आधी रक्त वाढवावे. पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर सहा ते आठ आठवडे जड वजन उचलू नये आणि शल्यचिकित्सकांच्या परवानगीनेच पुढे जावे, नाहीतर हर्निया होऊ शकतो.

खेळाडूंनी सांभाळायच्या चार गोष्टी

पाणी : मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. त्यातच जुलाब असतील तर शरीर लवकर कोरडे पडते. शिवाय या आजारात मूतखड्याचा धोका अधिक असतो. उन्हाळ्यात सराव सूर्य वर येण्याआधी उरकावा. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी प्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून जलसंजीवनी करता येते.

वेळ : भरल्या पोटी धावू नये. सरावाआधी दोन-तीन तास हलके जेवावे. पहाटे धावायचे असेल तर अर्धे केळे पुरे. सरावाआधी कडक चहा टाळावा. शौचालय जवळ असेल असाच रस्ता निवडावा. यात लाजण्यासारखे काही नाही. प्रशिक्षकांना आजाराची कल्पना देऊन ठेवावी, म्हणजे मधेच मैदान सोडले तरी गैरसमज होत नाही.

दुखण्याच्या गोळ्या : पाय दुखला की मैदानावरची मुले डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी सहज घेतात. क्रोन्सच्या रुग्णाने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण तिने आतड्याचा भडका होऊ शकतो. योग्य प्रमाणात पॅरासिटामॉल त्यापेक्षा सुरक्षित. सांधे किंवा कंबर सकाळी आखडत असेल तर ते खेळाचे दुखणे नसून आजाराचाच भाग असू शकतो. डोळे लाल होऊन दुखत असतील तर तेही सांगावे.

भुकट्या : व्यायामशाळेत मिळणाऱ्या काही प्रोटीन पावडरींत दुधातील साखर किंवा जुलाब लावणारे गोडवे असतात. आधी डबा डॉक्टरांना दाखवावा. घटक माहीत नसलेले इंजेक्शन किंवा पुडी, मग ती कोणीही देवो, घेऊ नये.

औषध सोडू नका

बरे वाटू लागले की औषध बंद करणे ही आपल्याकडची जुनी सवय. क्रोन्समध्ये ती महागात पडते. या आजारात औषधे बरे झाल्यावर आवरायची नसतात. शांत काळ टिकवण्यासाठीच ती असतात. स्टिरॉइड भडका विझवण्यासाठी थोड्या काळापुरते असते. ते वर्षानुवर्षे घेऊ नये आणि एकदम थांबवूही नये. दीर्घकाळासाठी अझाथायोप्रिनसारखी औषधे आणि इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारखी जैविक इंजेक्शने वापरली जातात. या इंजेक्शनांच्या भारतीय कंपन्यांनी तयार केलेल्या आवृत्त्या मिळतात. त्या मूळ औषधापेक्षा स्वस्त असल्या तरी खर्चिकच आहेत. शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे मदतीच्या योजनांची चौकशी करावी. जैविक औषध सुरू करण्यापूर्वी शरीरात क्षय दडलेला नाही याची तपासणी झालीच पाहिजे, आणि लसीकरणाबद्दलही विचारावे.

घरच्यांसाठी

शेवटी घरच्यांशी दोन शब्द. रुग्णाच्या ताटातून पदार्थ काढून घेणे सोपे असते. काय वाढायचे हे ठरवणे अवघड असते, आणि खरी शुश्रूषा त्यातच आहे. महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. त्याच वहीत काय खाल्ले, किती वेळा शौचास झाले, किती चालणे झाले याची नोंद ठेवा आणि ती डॉक्टरांना दाखवा. महिन्याभरात दोन किलो वजन घटले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

सुरुवातीच्या उदाहरणातील मुलाकडे परत येऊ. निदान नीट झाले, औषध नियमित सुरू झाले, ताटात वरण-भात, अंडी, दही, केळे परत आले आणि तो पहाटे पुन्हा चालू लागला, तर काही महिन्यांत त्याचे वजन भरून येण्याची चांगली आशा असते. भरतीची एखादी फेरी कदाचित हुकेल. पण ती हुकली म्हणून त्याला खाटेवर बसवून ठेवू नका. आजार किती दिवस सोबत राहणार हे आपल्या हाती नाही. ताट भरलेले ठेवणे आणि पायांना चालते ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे.